शोकाचा पुरावा मागू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, वांद्रे (पूर्व)
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सहायक आयुक्त, एच-पूर्व आणि एच-पश्चिम विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : युद्धात व सीमेवर वीरमरण आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांच्या मागण्या



सांताक्रूझ, वाकोला, कलिना, खार आणि विलेपार्ले इथल्या, घरचा माणूस युद्धात किंवा सीमेवर गमावलेल्या कुटुंबांची आमची संघटना आहे. १९७१ मध्ये कुंकू पुसलेल्या आजी आमच्यात आहेत, कारगिलमध्ये धाकटा भाऊ गेलेल्या ताई आहेत आणि अजून लेकाचा मोबाइल चार्ज करून ठेवणारे वडीलही आहेत. आमच्या बैठकीत भाषणे होत नाहीत. ज्याला बोलायचे असते तो बोलतो, बाकीचे ऐकतात.

ऐकता ऐकता एक गोष्ट आमच्या लक्षात आली. अंत्यदर्शन, मानवंदना, बंदुकांची सलामी, घडी घालून हातात दिलेला तिरंगा हे सारे शासनाने मनापासून केले. त्याबद्दल आमच्यापैकी एकाचीही तक्रार नाही. तेराव्यानंतर मात्र दुसरेच काही सुरू होते. तो तुमचा कोण लागत होता, तो नक्की कुठे आणि कशाने गेला, तो महाराष्ट्राचाच होता का, तुम्ही त्याचे निकटतम नातेवाईक आहात का, तुम्ही पुन्हा लग्न केले आहे का, असे विचारले जाते आणि प्रत्येक उत्तराला कागद लागतो. एका वीरपत्नीच्या शब्दांत सांगायचे तर, रडायला वेळच मिळत नाही, कारण आधी सिद्ध करावे लागते की रडायचा हक्क आपला आहे. पुढच्या सर्व मागण्या या एका वाक्यातून निघालेल्या आहेत.

मागणी पहिली : बातमी माणसाने माणसाला द्यावी.

१९७१ मध्ये तार यायची. पोस्टमन दारात थांबलेला दिसला की चाळीतल्या बायका आपापल्या कामातून उठून त्या घरी जायच्या. तारेतले शब्द कोरडे असत, पण ती वाचली जाताना घर भरलेले असे. २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता बातमी आधी टीव्हीच्या पट्टीवर येते किंवा इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटात. एका आईला ती भाजी घेताना कळली. शेजारणीने आधीच डोळ्यांना पदर लावला होता, आणि हिला माहीतच नव्हते की ती कुणासाठी रडते आहे.

अमेरिकेच्या सैन्यात गणवेशातला अधिकारी स्वतः घरी जाऊन ही बातमी देतो आणि तोपर्यंत नाव बाहेर पडू दिले जात नाही. आपल्याकडेही युनिटचे अधिकारी फोन करतात, काही ठिकाणी स्वतः येतात. पण मुंबईत तो फोन कुणाला लागेल आणि घरी कोण पोहोचेल हे नशिबावर सोडलेले असते. कलिन्यात लष्कराचा कॅम्प आहे, वांद्र्यात जिल्हाधिकारी कार्यालय आहे. या दोघांनी मिळून पश्चिम उपनगरांसाठी एक ठरलेली व्यवस्था करावी. गणवेशातला एक अधिकारी, एक डॉक्टर आणि त्यांच्यासोबत अशाच प्रसंगातून गेलेले आमच्यातले कुणी, असे तिघे दारात जातील. आमच्यातले कुणी कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पहिल्या तासात आईला कुणी काय सांगितले ते ती विसरते, पण कुणी हात धरला ते तिच्या लक्षात राहते. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही.

याच मागणीत आणखी एक विनंती. कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय चौकात फलक लावू नयेत. ज्या नेत्यांनी जवानाला कधी पाहिलेही नव्हते त्यांचे चेहरे फलकावर मोठे आणि जवानाचा फोटो फेसबुकवरून उचललेला, मित्रांसोबतच्या सहलीतला, कडेला कापून लावलेला. अशा फलकाखालून त्याच्या बहिणीला रोज स्टेशनला जावे लागते. महापालिकेच्या विभाग कार्यालयांनी हे फलक त्याच दिवशी उतरवावेत.

मागणी दुसरी : दोन वर्षे एकच माणूस.

मराठा लाइट इन्फंट्रीची कागदपत्रे बेळगावला, महार रेजिमेंटची सागरला, तोफखान्याची नाशिक रोड कॅम्पला. पेन्शनचा कारभार प्रयागराजहून ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर चालतो. राज्याचे अनुदान पुण्याहून मंजूर होते, वारस दाखला इथल्या न्यायालयातून मिळतो, जन्माचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीतून आणि मृत्यूचा दाखला जिथे तो पडला तिथून. हे सारे एका बाईने, बहुतेक वेळा तान्हे मूल कडेवर घेऊन, जमवायचे असते. आधारकार्डावर माहेरचे नाव, सेवापुस्तकात सासरचे आणि बँकेत तिसरेच स्पेलिंग असेल तर वर्ष निघून जाते.

म्हणून आमची मागणी आहे की, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने प्रत्येक कुटुंबासाठी एकच कर्मचारी नेमावा. त्याचे नाव आणि फोन नंबर कुटुंबाला पहिल्या आठवड्यात मिळावा आणि दोन वर्षे तो बदलू नये. कागद त्याने गोळा करावेत, कुटुंबाने फक्त सही करावी. प्रत्येक नव्या खिडकीवर ‘काय झालं होतं त्यांना?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापासून द्यावे लागू नये. काही माणसांना हे उत्तर देताना काही होत नाही. काहींना मात्र त्यानंतर दोन-दोन दिवस जेवण जात नाही.

सामानाबद्दल एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. जवान गेल्यावर युनिटमध्ये त्याच्या वस्तूंची यादी होते आणि ट्रंक घरी येते. कपडे धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घालून पाठवलेले असतात. त्यामागचा आदर आम्हाला कळतो. पण आमच्यातल्या किती आयांनी आणि बायकांनी ट्रंक उघडून पहिल्यांदा शर्ट नाकाशी नेला आणि त्याला फक्त साबणाचा वास आला, हे युनिटला कुणी सांगितलेले नसते. कपडे धुवायचे की नाहीत हे आधी घरी विचारावे. याला एक पैसाही लागत नाही.

मागणी तिसरी : अधिवासाची अट काढून टाका.

२ मे २०२० रोजी काश्मीरमध्ये हंदवाड्याला दहशतवाद्यांशी लढताना मेजर अनुज सूद यांना वीरमरण आले. त्यांचे कुटुंब पुण्यात राहत होते. राज्याच्या अनुदानासाठी त्यांच्या पत्नीने अर्ज केला, तेव्हा महाराष्ट्रात जन्म किंवा सलग १५ वर्षांचे वास्तव्य हवे, असे सांगून तो नाकारला गेला. त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने शासनाला सुनावले आणि एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी, विशेष बाब म्हणून एक कोटी रुपये मंजूर झाले. ६० लाख पत्नीला आणि ४० लाख वडिलांना. निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. ‘विशेष बाब’ या दोन शब्दांचे नाही. विशेष बाब म्हणजे पुढच्या वीरपत्नीने पुन्हा वकील शोधायचा.

सैनिकाचे आयुष्यच बदलीचे. अंबाला, जोधपूर, तेजपूर, पुन्हा देवळाली. त्याने एका राज्यात सलग १५ वर्षे काढावीत अशी अट घालणे म्हणजे त्याने सैन्यात नसावे अशी अट घालणे. सांताक्रूझसारख्या ठिकाणी तर हे आणखी विपरीत आहे. इथे कोकणातले, सोलापूरचे, कर्नाटकातले, आंध्रातले, उत्तर प्रदेशातले लोक भाड्याच्या खोल्यांत पिढ्यान् पिढ्या राहतात, इथेच त्यांची मुले शाळेत जातात आणि इथल्याच मैदानांवर भरतीसाठी पहाटे धावतात. पुनर्वसनात घर पाडले गेले की पत्ताही जातो. जवानाची पत्नी, आईवडील किंवा मुले यांच्यापैकी कुणीही महाराष्ट्रात राहत असेल, तर तेवढे पुरेसे मानावे आणि तसा दुरुस्त शासन निर्णय काढावा.

मागणी चौथी : अग्निवीराचे मरण कमी धरू नका.

या मागणीसाठी आम्ही सगळ्यात जास्त बैठका घेतल्या आणि तिच्यावर आमच्यात वादही झाला. काही ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की चार वर्षांसाठी सैन्यात घेण्याची अग्निवीर योजना केंद्राची आहे, आपण तिच्यात पडू नये. शेवटी त्यांनीच पहिली सही केली.

अक्षय गवते हा बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा मुलगा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर त्याचा मृत्यू झाला. कर्तव्यावर प्राण गमावणारा तो पहिला अग्निवीर. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर अग्निवीर मुरली नाईक धारातीर्थी पडला. त्याचे गाव आंध्र प्रदेशात, पण आईवडील घाटकोपरच्या कामराज नगरात राहून मोलमजुरी करत. आमच्यापासून लोकलने आणि रिक्षाने तासाभरावरचे घर. पुढे त्याच्या आईने, नेहमीच्या सैनिकाच्या कुटुंबाला मिळते ते निवृत्तिवेतन आणि तो दर्जा अग्निवीराच्या कुटुंबालाही मिळावा, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

आम्हाला विचारले जाते की, अग्निवीराच्या घरच्यांना एवढी मोठी रक्कम मिळते, मग आणखी काय हवे? रक्कम मिळते, हे खरे आहे. ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह अनुदान, सेवानिधीचा वाटा, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार आणि युद्धात वीरमरण आलेल्यांच्या कल्याण निधीतून ८ लाख. आम्ही हे लपवत नाही. पण शेजारच्याच खंदकात, त्याच तोफगोळ्याने गेलेल्या नियमित जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे त्याच्या शेवटच्या पूर्ण पगाराइतके, दर महिन्याला. अग्निवीराच्या आईला ते नाही.

फरक फक्त पैशांचा असता तर आमच्यातल्या काहींनी हा विषय सोडून दिला असता. एकरकमी आलेला पैसा गरीब घरात कसा जातो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कर्ज फिटते, गावचे घर दुरुस्त होते, नातेवाईक उसने मागायला येतात, कुणीतरी गुंतवणूक सुचवते. दर महिन्याला येणारे निवृत्तिवेतन वेगळे असते. त्यासोबत सैनिकी रुग्णालयाचे कार्ड असते, कॅन्टीन असते, वर्षातून एकदा रेजिमेंटचे पत्र असते. मुलगा गेला तरी आपण त्या पलटणीचेच, हा विसावा असतो. तो विसावा अग्निवीराच्या आईबापांना नाकारण्याचे कोणतेही कारण आम्हाला सापडले नाही. चार वर्षांची सेवा ठेवण्यामागे निवृत्तिवेतनाचा खर्च कमी करण्याचा हिशेब आहे, असे म्हणतात. तो हिशेब जे जिवंत परततात त्यांच्यासाठी असेल. लढताना गेलेल्यांची संख्या, देवाच्या कृपेने, इतकी थोडी असते की त्यांना पूर्ण निवृत्तिवेतन दिल्याने तिजोरीला झळ बसणार नाही. गोळी लागताना त्याच्या करारात किती महिने उरले होते हे शत्रूने पाहिलेले नसते.

म्हणून राज्य शासनाने या मागणीची लेखी शिफारस केंद्राकडे करावी आणि तोपर्यंत आपल्या प्रत्येक सैनिक कल्याण योजनेत ‘अग्निवीर’ हा शब्द स्पष्ट लिहावा. त्याचा अर्थ लावण्याचे काम खिडकीवरच्या लिपिकावर सोडू नये.

मागणी पाचवी : वर्गवारीचा आदेश मराठीत आणि कारणांसह द्यावा.

केंद्राचे सानुग्रह अनुदान प्रसंगानुसार बदलते. २०१६ पासून अपघाती मृत्यूला २५ लाख, सीमेवरच्या चकमकीला ३५, प्रत्यक्ष युद्धात शत्रूच्या कारवाईला ४५. हिमकडा कोसळून गेलेला, गस्तीवर दरीत पडलेला आणि गोळी लागलेला यांची कागदावर वेगवेगळी नोंद होते आणि त्या नोंदीवरच पुढचे सारे अवलंबून असते. वर्गवारी असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ती कशी झाली हे घरच्यांना कळत नाही. इंग्रजी संक्षेपांनी भरलेला एक कागद येतो. कुटुंबाला सविस्तर आदेश मराठीत मिळावा, आणि निर्णय अमान्य असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाण्यासाठी जिल्ह्याने मोफत वकील द्यावा.

मागणी सहावी : ज्यांचे पार्थिव आलेच नाही, त्यांची दरवर्षी दखल घ्यावी.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजासोबत गेले. पश्चिम ताफ्याचे घर मुंबई. इथल्या नौदल वसाहतींतल्या कित्येक घरांत दारावर उभे राहून वाट पाहण्याची सवय त्यानंतरही अनेक वर्षे गेली नाही. दीवला स्मारक आहे. तिथे जाण्यासाठी वृद्ध वीरपत्नींना वर्षातून एकदा शासकीय खर्चाने नेण्याची सोय व्हावी.

आणि जे बेपत्ता आहेत? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानवरच्या हवाई मोहिमेतून परतले नाहीत. शासनाच्याच यादीप्रमाणे पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत अशा ५४ जणांमध्ये त्यांचे नाव आहे. पाकिस्तानने ते नेहमीच नाकारले. तांबे यांचे लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी उरलेले आयुष्य या शोधात घातले. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतही जाऊन आले. सात वर्षे कुणाची खबर लागली नाही तर कायदा त्याला मृत मानतो. पण मानायला सांगणे आणि सांत्वन करणे यांत फार अंतर आहे. अशा प्रत्येक घराला वर्षातून एकदा संरक्षण मंत्रालयाकडून, काय प्रयत्न झाले आणि काय झाले नाहीत, हे लेखी कळवले जावे. काहीच झाले नसेल तर तसे लिहावे. चौकशी करत राहणाऱ्या पत्नीला ‘आता सोडून द्या’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.

मागणी सातवी : आईवडील, भावंडे आणि पुन्हा उभी राहणारी पत्नी.

निवृत्तिवेतन पत्नीला जाते, ते योग्यच आहे. पण वाकोल्यातल्या एका खोलीत राहणारे म्हातारे आईवडील त्या हिशेबात कुठेच नसतात आणि मग एकाच घरातली दोन दुःखे एकमेकांसमोर उभी केली जातात. सूद प्रकरणात राज्याने पत्नी आणि वडील दोघांचाही वाटा ठरवला. तसा वाटा नियमातच असावा, म्हणजे कुणाला कुणावर अर्ज करावा लागणार नाही. आम्ही सुनेविरुद्ध सासूची किंवा सासूविरुद्ध सुनेची बाजू घेणारी संघटना नाही.

पत्नीने पुढे लग्न केले, तर त्यामुळे तिच्या शोकावर शंका घेतली जाऊ नये. शौर्यपदकासोबतचा मासिक भत्ता पुनर्विवाहानंतरही मिळण्यासाठी, लग्न दिवंगत पतीच्या भावाशीच केलेले असावे अशी अट नोव्हेंबर २०१७ पर्यंत होती. ती गेली, चांगले झाले. ज्या मनातून अशी अट आली ते मात्र अजून पूर्ण गेलेले नाही. कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गेले, त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनीही २०२० मध्ये गणवेश घातला. या दोघींचा आम्हाला अभिमान आहे. पण समारंभांत त्यांचे उदाहरण देऊन बाकीच्या बायकांना ‘तुम्हीही खंबीर व्हा’ असे सांगू नये, ही विनंती. जी बाई खंबीर झाली नाही, तिचाही नवरा देशासाठीच गेला.

भावंडांना तर, त्यांचा शोक कितीही लांबला तरी, कुणी विचारतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ माणसाला जगू न देणाऱ्या शोकाचा स्वतंत्र समावेश आहे. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आहे. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात सुरू झाला. उपयोग होतो, पण फोन उचलण्याइतके बळ ज्याच्यात उरलेले नाही त्याचे काय? सांताक्रूझ पूर्वेच्या व्ही. एन. देसाई रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार मराठी, कोंकणी आणि हिंदी बोलणारा समुपदेशक फक्त या कुटुंबांसाठी बसावा आणि गरज पडेल तेव्हा त्याने घरी यावे. सामाजिक कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण घ्यायला आमच्यातल्या काही जणी तयार आहेत.

मागणी आठवी : नावाजवळ माणूसही लिहा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, तेव्हा वाहतूक पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलाकडे वळवली गेली. त्या दिवसांत रेडिओवर, रिक्षात, सगळीकडे ‘गोरे पुलावर ट्रॅफिक आहे’ हे वाक्य होते. १९९५ मध्ये काश्मीरमध्ये वीरमरण आलेले कॅप्टन विनायक गोरे हे पार्ल्याचेच तरुण अधिकारी, हे त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत होते? त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी सैनिकांवर पुस्तके लिहिली, शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलल्या. एका आईने जे केले, त्यातले थोडे महापालिकेनेही करावे. सैनिकांच्या नावाचे जेवढे पूल, चौक आणि रस्ते एच-पूर्व, एच-पश्चिम आणि शेजारच्या विभागांत आहेत, तिथे एक पाटी लावावी. जन्म कुठला, शाळा कोणती, कुठे आणि कधी वीरमरण आले, एवढा मजकूर पुरे. पाटीवर उद्घाटकाचे नाव नको. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर फेब्रुवारी २०१९ मध्ये २५,९४२ नावे कोरली गेली. ती पाहायला दिल्लीला जाणे आमच्यातल्या सर्वांना जमणारे नाही.

या मागण्यांपैकी तिसरी आणि सातवीतला वाट्याचा भाग राज्याच्या शासन निर्णयाने होऊ शकतो. पहिली, दुसरी, आठवी आणि समुपदेशकाची सोय यांसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. चौथी, पाचवी आणि सहावी यांत केंद्राचा भाग आहे, तो शिफारशीसह पुढे पाठवावा.

चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी. २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाच्या किंवा १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देण्याआधीची पाच मिनिटे नकोत. कामाच्या दिवशी, फायली टेबलावर असताना आणि निर्णय घेऊ शकणारे अधिकारी समोर असताना ती मिळावी. आमच्याकडून एक आजी, एक वडील, एक पत्नी आणि एक बहीण येतील. त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढायला लावू नये, आजींचे गुडघे दुखतात.

आपले,
सांताक्रूझ आणि परिसरातील वीर सैनिकांचे कुटुंबीय